‘द टू ऑफ अस, प्रिया अँड आय’ बरोबर की ‘प्रिया अँड मी’?

तुमचं वाक्य होतं, ‘द क्लायंट मेट द टू ऑफ अस, प्रिया अँड आय.’ वरिष्ठांनी ‘आय’ खोडून ‘मी’ केलं, आणि तुम्हाला ते ‘मी’ अडाणी वाटतंय. तुमचे वरिष्ठ बरोबर आहेत. (या उत्तरात अवतरणातला ‘मी’ इंग्रजीतला समजा. आपला मी कर्ता असतो, त्यांचा कर्म. देवनागरीत लिहिलं की गोंधळ ठरलेला!)

‘प्रिया अँड मी’ हे शब्द वाक्यात स्वतःचं वेगळं काम करत नाहीत. ‘अस’ म्हणजे कोण, एवढंच सांगतात. व्याकरणात याला समानाधिकरण म्हणतात, आणि शाळेत ‘अपोझिशन’ म्हणून शिकवतात. ज्या शब्दाचा खुलासा चाललाय त्याची जी विभक्ती, तीच खुलासा करणाऱ्याची. ‘अस’ हे ‘ऑफ’नंतर आलेलं कर्मरूप आहे, म्हणून पुढेही ‘मी’. तेच दोघे कर्ते झाले की रूप बदलतं: ‘टू ऑफ द टीम, प्रिया अँड आय, मेट द क्लायंट.’

हे आपल्याला परकं वाटायचं काही कारण नाही. ‘आम्ही शिक्षकांना बोलावलं’ आणि ‘आम्हा शिक्षकांना बोलावलं’ यांतला फरक मराठी माणसाला कुणी समजावून सांगावा लागत नाही. पहिल्यात बोलावणारे आम्ही, दुसऱ्यात बोलावणं आम्हाला आलंय. नाम तेच, प्रत्यय तोच, तरी सर्वनामाच्या रूपाने अख्खा अर्थ फिरला. ‘वुई टीचर्स’ आणि ‘अस टीचर्स’ यांत हेच घडतं. इंग्रजीत नामाचं रूप हलत नाही, म्हणून सगळा भार सर्वनामावर येतो आणि आपण तिथेच अडखळतो.

तपासायची युक्ती सोपी आहे: मधलं नाम काढून टाका. ‘दे गेव्ह वुई टीचर्स अ हॉलिडे’मधून ‘टीचर्स’ काढलं की ‘दे गेव्ह वुई’ उरतं, ते कानालाच खटकतं. तुमच्या वाक्यात ‘द टू ऑफ अस’ काढा आणि सोबत प्रियालाही बाहेर बसवा. ‘द क्लायंट मेट आय’ कुणी लिहील का?

ही युक्ती एका ठिकाणी जरा जपून वापरावी लागते. ‘सम ऑफ अस पेरेंट्स फील...’ असं वाक्य असलं की पुष्कळ लोक ‘वुई पेरेंट्स’ करतात, कारण वाटणारे पालकच आहेत ना! पण वाक्याचा कर्ता ‘सम’ आहे आणि ‘अस’ला ‘ऑफ’ने धरून ठेवलंय. ‘इट इज अप टू अस टीचर्स हू वर्क हिअर’मध्येही तसंच. पुढच्या ‘हू’चं क्रियापद बघून ‘वुई’ करायचा मोह होतो, पण ते क्रियापद ‘हू’चं आहे. स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्यांनी चूक ओळखायच्या प्रश्नांत आधी ‘ऑफ’, ‘टू’, ‘फॉर’ हे शब्द शोधावेत.

संविधानाची उद्देशिका पाहा. ‘वुई, द पीपल ऑफ इंडिया’ नंतर बरीच वाट चालल्यावर क्रियापद येतं, ‘डू हिअरबाय अडॉप्ट, एनॅक्ट अँड गिव्ह टू अवरसेल्व्ज’. कर्ता म्हणून ‘वुई’. अमेरिकेच्या 1787च्या संविधानात ‘वुई’नंतर स्वल्पविराम नाही, आपल्या 1949च्या संविधानात आहे, पण त्याने विभक्तीला काही फरक पडत नाही. उद्या कुणी भाषणात ‘फॉर वुई, द पीपल’ म्हणालं तर ते ऐकायला भारदस्त वाटेल, पण चूकच.

‘मी’ अडाणी का वाटतं, याचं मूळ शाळेत आहे. ‘मी अँड राहुल वेंट’ म्हटल्यावर ओरडा बसतो, ‘राहुल अँड आय’ म्हण! तिथे तो रास्त असतो, पण मुलाच्या डोक्यात ‘अँड’नंतर ‘आय’ सभ्य एवढंच राहतं. मग ‘बिटवीन यू अँड आय’ जन्माला येतं, आणि ते इंग्रजी मातृभाषा असलेलेही सर्रास बोलतात. आपल्याकडे यावर आणखी एक पळवाट आहे, ‘प्रिया अँड मायसेल्फ’. माझ्या मते ती ‘आय’पेक्षा वाईट. निर्णय टाळायचा म्हणून वापरलेलं रूप लगेच ओळखू येतं.

खरा वाद एकाच ठिकाणी आहे. ‘द विनर्स वेअर द टू यंगेस्ट, आशा अँड...’ इथे जुन्या शिस्तीनुसार ‘आय’, कारण ‘वेअर’नंतरचा शब्द कर्त्याशीच जोडलेला असतो. बोलण्यात मात्र बहुतेक जण ‘मी’ म्हणतात. परीक्षेत ‘आय’ लिहा. ऑफिसच्या मेलमध्ये मी असं वाक्य ठेवतच नाही, सरळ ‘आशा अँड आय वन’ लिहून मोकळा होतो.