पोहता न येणाऱ्या आई-बाबांना कोलाडला राफ्टिंगला न्यावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आई ५४ वर्षांच्या, बाबा ५९ चे, दोघांनाही पोहता येत नाही, जानेवारीत नाशिकहून दोन दिवस काढून निघायचं आहे. तर कोलाडला जावं, की पैसे साठवून पुढे कधीतरी ऋषिकेशच गाठावं?

कोलाडला जा. आणि घरी आईंना आधी विचारा, बाबांना नंतर. का ते पुढे येईलच.

मी रोह्याचा. कुंडलिका आमच्या गावाला लागून वाहते आणि कोलाड आमच्यापासून दहा-बारा किलोमीटरवर. आम्ही लहान असताना राफ्टिंग हा शब्दही कुणाला ठाऊक नव्हता. आता पुण्या-मुंबईचा कुठलाही पाहुणा आला की दुसऱ्या वाक्यात 'तुमच्याकडे ते राफ्टिंग असतं ना' येतंच. त्या पाहुण्यांच्या निमित्ताने मी स्वतः सात-आठ वेळा तरी बोटीत बसलोय.

सगळ्यात आधी या नदीचं एक वेड समजून घ्या, नाहीतर तुमची सकाळ फुकट जाईल. ही नदी वेळेवर येते. दुपारी त्याच जागी गेलात तर दगड उघडे पडलेले, मधून गुडघाभर पाणी, एखादा ढोक तंद्री लावून उभा. सकाळी तिथेच असा लोंढा असतो की काठावर उभं राहून बोललेलं ऐकू येत नाही. कारण आम्ही राफ्टिंग करतो ते पाणी मुळात कुंडलिकेचं नाहीच. ते मुळा नदीचं आहे.

घाटावर मुळशीला टाटांनी मुळेवर धरण बांधलं. याच धरणाविरुद्ध १९२१ साली मुळशीचा सत्याग्रह झाला, सेनापती बापट त्यातूनच सेनापती झाले. धरण काही थांबलं नाही. १९२७ मध्ये खाली भिऱ्याचं वीजघर सुरू झालं. सह्याद्रीच्या माथ्यावरून पाणी बोगद्या-पाइपांतून सुमारे ५०० मीटर खाली आणायचं, त्याच्या जोरावर वीज करायची आणि मग ते कोकणात सोडून द्यायचं. वीज करून उरलेल्या या पाण्याला आपल्याकडे 'अवजल' म्हणतात. कोयनेच्या बातम्यांमध्ये हा शब्द तुम्ही वाचला असेल. एरवी हे पाणी पुण्यावरून भीमेत, भीमेतून कृष्णेत आणि तिथून थेट बंगालच्या उपसागरात गेलं असतं. आता ते रेवदंड्याला अरबी समुद्राला मिळतं. पुण्याचे मित्र 'तुमची नदी काय भारी आहे' म्हणाले की मी सांगतो, पाणी तुमचंच आहे, फक्त उतार आमचा.

भिऱ्याहून आलेलं हे पाणी पुढे रवाळजेला अडवतात आणि सकाळी तिथून खाली सोडतात. त्याच्या पाठोपाठ सगळ्या बोटी निघतात. म्हणजे वीज बनली तर पाणी, पाणी आलं तर राफ्टिंग. यंत्रांची दुरुस्ती वगैरे निघाली की ते रद्दही होतं, म्हणून आदल्या संध्याकाळी फोन करून 'उद्या पाणी आहे ना' एवढं विचाराच. मुक्काम आदल्या रात्री कोलाडच्या आसपासच करा. नाशिकहून पहाटे निघून वेळेत पोचू, असला हिशेब या रस्त्यावर कोणी करू नये. उशीर झाला तर पाणी तुमच्यासाठी थांबत नाही. आणि त्या लोंढ्याचा शेवट खाली डोलवहाळच्या बंधाऱ्यात होतो, तिथून त्यातलं पाणी कालव्यांनी शेतीलाही जातं. एकच पाणी भिऱ्याला वीज, मधे आमची मजा आणि खाली भात, असं तीन ठिकाणी कामाला येतं.

या सगळ्याचा तुम्हाला फायदा असा की जानेवारीत कोकणातल्या बाकीच्या नद्यांचे ओहोळ झालेले असतात, तेव्हाही ही भरून वाहते. तोटा एवढाच की सकाळी पाणी चांगलंच गार असतं. पहिला शिडकावा छातीवर बसला की बाबा तुमच्याकडे एकदा रागाने बघतील. दहा मिनिटांनी विसरतील.

आता पोहण्याचं. राफ्टिंगला पोहता यावंच लागतं असं नाही. लाइफ जॅकेट नीट बसलेलं असेल तर माणूस पाण्यावर तरंगतोच, त्याने काही केलं नाही तरी. नद्यांच्या खळाळांना १ ते ६ अशी श्रेणी देतात. सहावी म्हणजे जवळजवळ अशक्य. कोलाडचा टप्पा साधारण दुसरी ते तिसरी, बारा-तेरा किलोमीटरचा, दोन तासांच्या आत-बाहेर संपणारा. पोहण्यापेक्षा इथे कान जास्त लागतो. गाईड 'फॉरवर्ड' म्हणाला की सगळ्यांनी एकदम वल्हं मारायचं, 'स्टॉप' म्हटलं की थांबायचं, 'गेट डाउन' म्हटलं की बोटीच्या आत खाली बसून कडेची दोरी धरायची. तो उगाच ओरडत नसतो. बोट पाण्याच्याच वेगाने वाहत असेल तर ती वळत नाही, पाणी नेईल तिकडे जाते. पाण्यापेक्षा जरा जोरात किंवा जरा हळू गेली तरच गाईडला ती वळवता येते. त्यामुळे ऐन लाटेत, जिथे आपले हात आपोआप थांबतात, तिथेच तो वल्हवा म्हणून घसा फोडतो.

याचा अनुभव मला माझ्या मोठ्या मामीने दिला. तेव्हा ती ५६ ची होती. पोहणं सोडाच, आयुष्यात पहिल्यांदा पंजाबी ड्रेस घातला होता तोही मुलीचा. गाडीतून उतरल्यापासून एकच धोशा, 'मला काठावर बसू दे, मी पिशव्या सांभाळते.' गाईड उत्तराखंडचा होता, वीस-बावीसचा पोरगा. त्याने तिला 'माताजी, आप मेरे पास' म्हणून मागे आपल्याजवळ बसवलं आणि दाखवलं की पुढचा पाय बोटीच्या आडव्या फुगलेल्या नळीखाली कसा खोचायचा आणि वल्ह्याच्या टोकाची आडवी मूठ हाताने कशी झाकून धरायची. ती मूठ सोडली की लाटेत उसळते आणि शेजाऱ्याचे दात पाडते, हे त्याने हसत सांगितलं. मामीने ते गंभीरपणे घेतलं. सगळा वेळ तिने ती मूठ अशी धरली होती, जशी एस्टीत ती पर्स धरते.

मी पुढे. रोह्याचा पोरगा, खाडीत पोहलेला, मला काय शिकवणार? पाय खोचला नव्हता, कारण वळून मागच्यांचे फोटो काढायचे होते. तिसऱ्या की चौथ्या खळाळात बोट लाटेवर चढली, माझं वल्हं पाण्यात अडकलं आणि मी बाहेर.

पाण्याखाली पहिली गोष्ट होते ती म्हणजे आवाज बंद होतो. इतका वेळ कानठळ्या बसवणारी नदी एकदम गप्प, सगळीकडे हिरवट फेस. जॅकेटने खांद्यांना धरून वर ओढलं, नाकातलं पाणी थेट मेंदूत गेल्यासारखं झालं. आणि मग मी जे अजिबात करायचं नसतं तेच केलं. पायाला दगड लागला म्हणून उभं राहायला गेलो. वाहत्या पाण्यात पाय दगडांच्या फटीत अडकला तर मागचा लोंढा माणसाला पुढे आडवा पाडतो आणि मग जॅकेटचाही उपयोग राहत नाही. माझं नशीब, गुडघाच फुटला. गाईड ओरडत होता, 'पैर ऊपर! पैर ऊपर!' शेवटी डोक्यात शिरलं. उताणा झालो, पाय वाहत्या दिशेला, बोटं पाण्याबाहेर. बोट जवळ आली तसे जॅकेटच्या खांद्यांच्या पट्ट्यांना धरून दोन हातांनी मला आत ओढलं. एक हात गाईडचा, दुसरा मामीचा. पाय तिने अजून खोचलेलाच होता.

गेली चार वर्षं घरातल्या प्रत्येक लग्नात ती ही गोष्ट सांगते. 'ह्याला मी नदीतून काढला.' गाईडचा हात गोष्टीतून कधीच गळालाय.

म्हणून म्हटलं, आईंना आधी विचारा. ज्याला भीती वाटते तो ऐकतो. बाबा जर 'मला काय शिकवता' पठडीतले असतील तर त्यांना मधे बसवा, पुढे नको. पुढच्यांना लाट पहिली बसते.

जॅकेटबद्दल मात्र कुणाची भीड बाळगू नका. एकदा मला दिलेल्या जॅकेटचं एक बक्कल तुटलेलं होतं आणि तिथे नायलॉनच्या सुतळीची गाठ मारलेली. 'चलता है सर' असं उत्तर आलं. मी भांडलो, दुसरं मिळालं, ते ओलं आणि कुबट वासाचं होतं, पण बक्कलं धड होती. घालून झालं की दुसऱ्याला तुमच्या खांद्याच्या पट्ट्या धरून जोरात वर ओढायला सांगा. जॅकेट हनुवटीपर्यंत सरकलं तर ते ढिलं आहे, बाजूच्या पट्ट्या आवळा. आईंचं तुम्ही स्वतः तपासा. बायकांना पट्टी आवळायला सांगताना तिथली पोरं संकोचतात आणि तसंच सोडून देतात. हेल्मेटचंही तेच. निघण्याआधी पडल्यावर काय करायचं हे न सांगता कोणी बोट पाण्यात ढकलायला लागला तर खाली उतरा. हृदयाचा त्रास, हाताबाहेरचा रक्तदाब, मणक्याचं किंवा गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

एक गोष्ट जाहिरातीत कधी दिसत नाही. या टप्प्यातला सगळाच भाग काही उसळता नाही. खळाळ संपले की नदी रुंद होते, पाणी गडद होतं आणि वल्ही आपोआप मांडीवर येतात. दोन्ही काठांना झाडी अगदी पाण्यावर वाकलेली. खंड्या निळी रेघ मारून जातो, पाणकावळे दगडावर पंख वाळत घालून बसलेले असतात. इथे गाईड विचारतो, कोणाला पाण्यात उतरायचंय? तुमच्या आईंना नक्की उतरवा. बोटीची दोरी धरून, जॅकेटच्या भरवशावर, उताणं पडून नुसतं तरंगायचं. मामी उतरली होती. जन्मभर नदीला नमस्कार करून काठावरच थांबलेली बाई. दोन मिनिटं आकाशाकडे बघत गप्प होती, आणि मग म्हणाली, 'पाणी उचलतंय की रे मला.' मला त्या दिवसाचा खळाळ एकही आठवत नाही, म्हणजे पडलो तो सोडून, पण हे आठवतं.

ऋषिकेश वाईट आहे असं नाही. गंगा ती गंगाच. तिचा पसारा, तिचं पाणी, लाटांची उंची, कशाचीच कुंडलिकेशी तुलना नको. शिवपुरीपासून खालचा सोळा किलोमीटरचा टप्पा सगळ्यात चालतो, आणि तिथे 'रोलर कोस्टर', 'गोल्फ कोर्स' अशी खळाळांना नावं आहेत. नवख्यांसाठी ब्रह्मपुरीपासूनचा नऊ किलोमीटरचा छोटा टप्पाही आहे. पण पावसाळ्यात, जुलै-ऑगस्टमध्ये तिथलं राफ्टिंग बंद असतं, आणि जानेवारीत हिमालयातून आलेलं ते पाणी आई-बाबांच्या हाडांत शिरेल. कोलाड जमलं, आवडलं, तर पुढच्या मार्चमध्ये तिकडे जा.

जानेवारीत येताय तर पोपटीही चुकवू नका. वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडीचे मसाला लावलेले तुकडे, सगळं भांबुर्डीच्या पाल्यात लपेटून मडक्यात भरायचं, मडकं उलटं ठेवून भोवती जाळ करायचा. रायगडात थंडीच्या रात्री शेताच्या बांधावर हेच चालतं. जिथे राहाल तिथे आदल्या दिवशी सांगितलं तर बहुतेक जण करून देतात. फक्त ती राफ्टिंगच्या आदल्या रात्री खाऊ नका, नंतरच्या रात्री खा. सकाळी पोट हलकं हवं, पोहे-चहा पुरे.

बाकी किरकोळ: सुती कपडे नकोत, ओले झाले की जड होतात आणि वाळत नाहीत. चपला वाहून जातात, मागे पट्टा असलेल्या सँडल घाला. बाबांना चष्मा असेल तर त्याला मागून दोरी बांधा. मंगळसूत्र, अंगठ्या खोलीवरच. मोबाइल नेऊच नका. आणि गाडीची किल्ली खिशात ठेवून बोटीत बसू नका. माझी कुंडलिकेत आहे, आणि दुसरी किल्ली घेऊन यायला मेहुण्याला पुण्याहून ताम्हिणी उतरून यावं लागलं होतं.