दुसऱ्या बाळाचा विचार

प्रश्न : आमच्या मुलीला जन्मतः स्पायना बिफिडा (गर्भात मज्जारज्जूची नळी नीट बंद न झाल्याने पाठीच्या कण्यात राहणारा दोष) आहे. दुसरे मूल होऊ द्यावे का? सासूबाई ग्रहणात बाहेर पडल्याचा दोष मला देतात.
– एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : ताई, ग्रहणाचा याच्याशी काडीचाही संबंध नाही, हे सासूबाईंनाही वाचून दाखवा. बाळाच्या मज्जारज्जूची नळी गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत, पुष्कळदा दिवस राहिल्याचे कळण्याआधीच, मिटते. असा दोष पुन्हा उद्भवण्याची शक्यता शंभरात सुमारे २ ते ५ असते आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने फॉलिक ॲसिडची मोठी मात्रा, म्हणजे रोज ४ ते ५ मिलिग्रॅम, गर्भधारणेच्या किमान महिनाभर आधीपासून बाराव्या आठवड्यापर्यंत घेतल्यास ती बरीच घटते. मधुमेह असेल किंवा फिटचे औषध चालू असेल, तर तेही आधीच सांगा. मुलीचे सगळे कागद घेऊन दोघांनी जनुकीय समुपदेशकांना भेटावे. निर्णय मात्र तुम्हा दोघांचाच असावा.