तुमचे प्रश्न : परतीची वाट राखून राउटर अपडेट करा

प्रश्न : आमचा कारखाना उद्यमबागेत आणि गोदाम निपाणीला. दोन्ही ठिकाणं क्लाउडच्या मुंबई रीजनमधल्या व्हर्च्युअल राउटरला (क्लाउडवरचं मशीन, त्यावर व्हायओएस हे राउटरचं सॉफ्टवेअर) जोडली आहेत. सध्या व्हायओएसचं १.३ व्हर्जन चालू आहे. १.४ मधल्या नव्या सोयी हव्या आहेत, पण मध्येच अडकलं तर मशीनपाशी जाऊन बघायची सोय नाही. अपडेट कसं करावं?
– एक वाचक, बेळगाव

उत्तर : नव्या सोयींची यादी मागाहून वाचा. आधी जुनं काय बदललंय ते बघा, कारण लाईन बंद पडते ती तिथेच. १.३ मध्ये फायरवॉलचे नियम (कुठलं पॅकेट जाऊ द्यायचं, कुठलं अडवायचं) प्रत्येक इंटरफेसला, म्हणजे राउटरच्या प्रत्येक जोडणीला, 'इन', 'आउट', 'लोकल' असे लावायचे. १.४ मध्ये ते इनपुट (राउटरकडे येणारं), फॉरवर्ड (त्यातून पुढे जाणारं) आणि आउटपुट (त्याच्याकडून निघणारं) अशा साखळ्यांत गेले. नवी इमेज (नव्या व्हर्जनची अख्खी सिस्टिम) पहिल्यांदा सुरू होताना जुनी कॉन्फिगरेशन (सगळ्या सेटिंग) आपोआप नव्या रूपात येते. बहुतेक नियम नीट उतरतात, पण राउटरवर लॉगिन करू देणारा नियम कुठे बसलाय हे स्वतःच्या डोळ्यांनी बघा. तो चुकला तर राउटर चालू आणि तुम्ही बाहेर.

अपडेटच्या आधी 'शो कॉन्फिगरेशन कमांड्स'चं सगळं आउटपुट आपल्या लॅपटॉपवर उतरवून ठेवा. राउटरवरच ठेवलेली प्रत ऐनवेळी कामाला येत नाही. डिस्कचा स्नॅपशॉट (त्या क्षणाची प्रत) घ्या आणि क्लाउडचा सिरियल कन्सोल (नेटवर्क नसतानाही मशीनवर शिरायची वाट) उघडतो का, लॉगिन होतं का, हे आदल्या दिवशीच करून बघा. पासवर्ड न ठेवता लॉगिनला फक्त एसएसएचची की (किल्लीची फाईल) वापरत असाल, तर कन्सोलवर लॉगिन होणार नाही. त्यासाठी एक पासवर्ड लावून ठेवा.

मग 'ॲड सिस्टिम इमेज'. ही आज्ञा जुनी इमेज पुसत नाही, नवी तिच्या शेजारी ठेवते. म्हणून डिस्कवर दोन्हींपुरती जागा हवी. आणखी जुन्या इमेज पडून असतील तर त्या आधी काढा. सध्याची कॉन्फिगरेशन आणि एसएसएचच्या होस्ट की (राउटरची ओळख पटवणाऱ्या किल्ल्या) नव्या इमेजमध्ये न्यायच्या का, असं विचारलं की दोन्हीला 'हो' म्हणा.

रीबूटनंतर बिघडलं तर कन्सोलवरून बूट मेन्यूत जुनी इमेज निवडायची, दोन-चार मिनिटांत जुना राउटर परत. स्नॅपशॉटवरून नवी डिस्क करून जोडण्यापेक्षा हे कितीतरी सोपं. एक मात्र ध्यानात असू द्या : प्रत्येक इमेजची कॉन्फिगरेशन वेगळी असते. नव्या इमेजवर आठवडाभर केलेले बदल जुनीवर परत गेल्यावर दिसणार नाहीत, आणि १.४ ची फाईल १.३ ला वाचताही येत नाही. त्यामुळे पहिले काही दिवस नव्या सोयींना हात लावू नका.

पुढे फायरवॉलला हात लावाल तेव्हा साधं 'कमिट' (बदल लागू करायची आज्ञा) नको, 'कमिट-कन्फर्म १०' द्या. दहा मिनिटांत 'कन्फर्म' दिलं नाही तर राउटर रीबूट होऊन आधीच्या कॉन्फिगरेशनवर जातो. बदल बरोबर निघाला आणि गडी चहाला गेला, की दहाव्या मिनिटाला सगळ्यांची लाईन तुटते. हे फार वेळा होतं. 'कन्फर्म'नंतर 'सेव्ह'ही द्या, नाहीतर पुढच्या रीबूटला बदल गायब.

अपडेटऐवजी नवं मशीन उभं करणार असाल, तर त्याचा 'सोर्स-डेस्टिनेशन चेक' (स्वतःच्या पत्त्याचे नसलेले पॅकेट अडवणारी क्लाउडची तपासणी) बंद करा. ॲमेझॉनच्या क्लाउडवर तो मुळातच चालू असतो. तो चालू राहिल्याचं लक्षण ठरलेलं : टनेल (दोन ठिकाणांमधला सुरक्षित जोड) चालू, राउटरला पिंग (पोचतंय का बघणारं छोटं पॅकेट) लागतं, पण त्याच्या मागच्या सर्व्हरला लागत नाही.

प्रश्न : आमच्या सौहार्द सहकारी संस्थेची शाखा खानापूरला आहे. नव्या व्हर्जनबरोबर आम्ही आयपीसेक सोडून वायरगार्ड (दोन्ही टनेल बांधायच्या पद्धती) घेतलं. पिंग लागतं, लॉगिनचं पान उघडतं, पण खातेउतारा छापायला गेलं की पान फिरतच राहतं. पावसात लाईट जाऊन आली की टनेलही लवकर जुळत नाही.
– एक वाचक, खानापूर

उत्तर : उताऱ्याचं दुखणं एमटीयूचं, म्हणजे एका पॅकेटच्या कमाल आकाराचं, आहे. पिंगचे आणि लॉगिनचे पॅकेट लहान, ते जातात. उताऱ्याचे मोठे पॅकेट वाटेत अडकतात. फायबरवर पीपीपीओई (नाव-पासवर्ड देऊन लाईन जोडायची पद्धत) असेल तर लाईनचा एमटीयू १४९२. वायरगार्डचं वेष्टण आयपीव्ही-४ वर ६० बाइटचं, आयपीव्ही-६ वर ८० चं. मोठं वजा करा : १४१२. वायरगार्डचा नेहमीचा १४२० हा आकडा साध्या १५०० च्या लाईनसाठीचा आहे. दोन्ही टोकांना १४१२ लावा आणि टीसीपीचा एमएसएस (एका पॅकेटमध्ये मावणाऱ्या मजकुराची मर्यादा) १३७२ वर बांधा. मग 'तुकडे करू नका' हा पर्याय लावून १३८४ बाइटचं पिंग टनेलमधून पाठवा. हेडरचे २८ धरून बरोबर १४१२ होतात. ते गेलं तर उताराही निघेल.

टनेलसाठी आधी शाखेच्या राउटरचा वॅन पत्ता (इंटरनेटच्या बाजूचा आयपी पत्ता) बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर लाईन सीजीनॅटमागे (अनेक गिऱ्हाइकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता) आहे, बाहेरून शाखेपर्यंत कुणी पोचू शकत नाही. बोलणं शाखेनेच सुरू करायला हवं. शाखेच्या बाजूला 'पर्सिस्टंट कीपअलाइव्ह' (ठराविक वेळाने छोटं पॅकेट पाठवून वाट उघडी ठेवणं) २५ सेकंद लावा, क्लाउडच्या बाजूला शाखेचा पत्ता कोराच ठेवा. लाईट येऊन पत्ता बदलला तरी पहिल्या खऱ्या पॅकेटवरून क्लाउड नवा पत्ता स्वतः ओळखतो. क्लाउडकडचा पत्ता मात्र कायमचा राखून घेतलेला हवा. मशीन 'स्टॉप' करून 'स्टार्ट' केलं की तात्पुरता सार्वजनिक पत्ता बदलतो (साध्या रीबूटने नाही), आणि शाखा जुन्याच पत्त्यावर हाका मारत बसते.

प्रश्न : एक बंद पडला तर दुसरा चालावा म्हणून क्लाउडवर दोन व्हर्च्युअल राउटर ठेवून व्हीआरआरपी (दोन राउटरनी एकच पत्ता आलटून पालटून सांभाळायची पद्धत) लावलं. ऑफिसात हेच चालतं, तिथे का नाही?
– एक वाचक, चिकोडी

उत्तर : ऑफिसातला स्विच मल्टिकास्ट (एकाच वेळी अनेकांना पाठवलेले निरोप) पुढे नेतो आणि एआरपीवरून ('हा पत्ता आता माझा' अशा निरोपावरून) पत्त्याचा नवा मालक ओळखतो. क्लाउडचं नेटवर्क दोन्ही करत नाही. युनिकास्टने (थेट एकाने दुसऱ्याला पाठवून) दोघांना एकमेकांशी बोलतं केलं तरी तो सामायिक पत्ता हलत नाही. दुसरा राउटर पुढे आला की त्याच्यावरच्या स्क्रिप्टने क्लाउडच्या एपीआयला (प्रोग्रामने आज्ञा द्यायची सोय) सांगून रूट टेबलमधली (कुठलं पॅकेट कुणाकडे, ही यादी) नोंद स्वतःकडे वळवायला हवी. त्या स्क्रिप्टला फक्त तेवढ्याच टेबलचा अधिकार द्या, आणि पहिला राउटर दिवसाढवळ्या मुद्दाम बंद करून बघा.