मोबाइलचं स्क्रीन रेकॉर्डिंग व्हीएलसीत नीट चालतं पण एडिटिंगमध्ये अडकतं, नवीन लॅपटॉप घेऊ का?

नको. आधी हे वाचा, मग पैसे काढा.

तुम्ही लिहिलंय की लॅपटॉप आय-5 आहे, रॅम 16 जीबी, मोबाइलची स्क्रीन रेकॉर्ड केलेली फाइल व्हीएलसी प्लेअरमध्ये सुरळीत चालते आणि शॉटकट या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या टाइमलाइनवर (क्लिपा ओळीने लावायच्या पट्टीवर) टाकली की धक्के खाते, आवाज पुढे-मागे होतो, आणि एका मित्राने ग्राफिक कार्डवाला लॅपटॉप घ्यायला सांगितलंय. त्या शेवटच्या वाक्यामुळे मी लिहायला बसलो, कारण तेच वाक्य आमच्या घरात 24 हजारांना पडलंय.

मी देवगड तालुक्यातला. 2021 च्या ऑगस्टमध्ये ई-पीक पाहणीचं ॲप राज्यभर सुरू झालं, शेतकऱ्याने स्वतःच मोबाइलवरून सातबाऱ्यावर पीक नोंदवायचं. आमच्या वाडीत निम्मी माणसं साठीच्या पुढची, मुलं सगळी मुंबईला, त्यामुळे रोज कोण ना कोण मोबाइल घेऊन आमच्या पडवीत येऊन बसायचं. मी म्हटलं एकदाच नीट व्हिडिओ करून टाकतो, बोट कुठे लावायचं, गट नंबर कुठे, बांधावरची झाडं कशी घालायची, फोटो कसा काढायचा, सगळं. 14 मिनिटांचं रेकॉर्डिंग झालं. एडिटिंगला घेतलं आणि तुमचं जे होतंय तेच. स्क्रीन थांबलेली असेल तोवर ठीक, यादी वर सरकवली की चित्र गोठायचं आणि एकदम चार नावं पुढे उडी. दहाव्या मिनिटाला मी "आता झाडाचा फोटो काढा" म्हणतोय आणि स्क्रीनवर अजून गट नंबरच चाललाय. आमच्या काकूंना हे दाखवलं असतं तर त्यांनी तो मोबाइल परत हातात धरला नसता.

चतुर्थीला चुलत दादा आला. तो मुंबईला लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो, त्यामुळे घरात या विषयात त्याचा शब्द शेवटचा. गणपतीवरच्या माटवीला कवंडळाची फळं बांधता बांधता मान वळवून त्याने दोन मिनिटं बघितलं आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "मेल्या, तुझा मशीनच भंगार हा. ग्राफिक कार्ड घाल." फाइल आत घेताना शॉटकट एक खिडकी दाखवत होता की ही फाइल व्हेरिएबल फ्रेम रेटची, म्हणजे सेकंदाला कमी-जास्त चित्रं असलेली आहे, एडिटिंगला भरवशाची नाही, बदलून देऊ का. मी ती त्याला दाखवली. त्याने स्वतःच्या हाताने कॅन्सल केली, डिस्क भरेल म्हणाला.

त्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळ येऊन गेलेलं. आमची नऊ कलमं मुळासकट आडवी, झाडावर राहिलेल्या आंब्याचा खाली सडा. तरी बाबांनी कपाटातून पैसे काढून दिले, "घे, पण औंदा कलमांचा काय खरा नाय हां" एवढंच म्हणाले. तेव्हा जगभर चिपची टंचाई होती, कार्डांचे भाव चढलेले, एरवी तेच कार्ड बरंच स्वस्त मिळालं असतं.

कार्ड बसवलं, फाइल लावली, धक्के तसेच. टास्क मॅनेजर उघडून बघितलं तर कार्ड 3 टक्क्यांवर आणि सगळं ओझं सीपीयूवर. कारण तेव्हाचा शॉटकट फाइल उलगडायचं काम सीपीयूकडूनच करून घ्यायचा, कार्डाला तिथे हातच लावू देत नव्हता. बाबा रोज संध्याकाळी "झाला काय ता?" विचारायचे. चार-पाच दिवसांनी त्यांनी विचारायचं बंद केलं आणि ते मला जास्त लागलं.

मग एक गोष्ट लक्षात आली जी पहिल्या दिवशीच यायला हवी होती. महाभूलेखवर सातबारा कसा बघायचा याचा एक व्हिडिओ मी आधी ओबीएसने कॉम्प्युटरची स्क्रीन रेकॉर्ड करून केला होता आणि तो याच मशीनवर, याच शॉटकटमध्ये, कार्ड नसतानाच एकदम मस्त एडिट झाला होता. म्हणजे मशीन तेच, सॉफ्टवेअर तेच, मग बदललं काय? फाइल. दोन्ही फाइली मीडियाइन्फोमध्ये, म्हणजे फाइलची आतली माहिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, उघडल्या. ओबीएसवालीत फ्रेम रेट मोड कॉन्स्टंट, 30. मोबाइलवालीत व्हेरिएबल, कमीत कमी 2 च्या आसपास आणि जास्तीत जास्त 60 च्या वर.

मोबाइल काय करतो, तर स्क्रीनवर काही हललं तरच नवीन फ्रेम लिहितो. फॉर्म तसाच उघडा असेल तर सेकंदाला दोन-चार, बोटाने यादी सरकवली की साठ. बॅटरी आणि जागा वाचवायला ते बरोबरच आहे. व्हीएलसी प्रत्येक फ्रेमवरची वेळ बघून सरळ पुढे चालवत जातो, त्याला काही फरक पडत नाही. एडिटरला मात्र टाइमलाइनवर सेकंदाला 30 घरं भरायची असतात, तुम्ही मध्येच कुठेही उडी मारता, कापता, मागे जाता. त्यात एच 264 मध्ये, म्हणजे व्हिडिओ दाबून साठवायच्या पद्धतीत, पूर्ण चित्र अधूनमधूनच असतं, मधल्या फ्रेममध्ये फक्त झालेला बदल, त्यामुळे मधली एक फ्रेम दाखवायची तरी एडिटरला मागच्या पूर्ण चित्रापासून सगळं उलगडत यावं लागतं. आवाज सरकतो तोही या वेळेच्या गोंधळामुळेच.

उपाय साधा आहे. शॉटकटने ती खिडकी दाखवली की हो म्हणा आणि तीन पर्यायांतला पहिला, सगळ्यात छोटी फाइल करणारा घ्या, स्क्रीन रेकॉर्डिंगला तेवढा भरपूर झाला. नाहीतर हँडब्रेक या व्हिडिओ बदलून देणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल टाका, व्हिडिओच्या टॅबमध्ये फ्रेमरेट 30 करा आणि खाली कॉन्स्टंट फ्रेमरेट निवडा. तिथे आधीपासून पीक फ्रेमरेट (Peak, शेतातलं पीक नव्हे) निवडलेलं असतं, ते ठेवलंत तर सगळी मेहनत फुकट. क्वालिटीचा आकडा (आरएफ) 18 च्या आसपास ठेवा नाहीतर मराठी अक्षरांच्या वेलांट्या पुसट होतात, मला दोनदा परत करावं लागलं. आधी नुसती एक मिनिटाची फाइल करून बघा.

माझ्या 14 मिनिटांच्या फाइलला जुन्या मशीनवर जेमतेम 20 मिनिटं लागली. चहा झाला तोवर फाइल तयार. कार्ड काढून ठेवून परत चालवली, तरी सुरळीत. मुद्दाम काढलं होतं.

आता हे माझ्या केसचं झालं. तुमची फाइल व्हीएलसीतही अडकत असती तर गोष्ट वेगळी, मग फ्रेम बहुतेक रेकॉर्ड होतानाच गळल्यात आणि त्या कुठल्याच सॉफ्टवेअरने परत येणार नाहीत, नवीन रेकॉर्डिंग करा. फाइल पेनड्राइव्हवरून थेट एडिट करत असाल तर आधी ती डिस्कवर घ्या. फोर के असेल तर बदलूनही जड जाईल, तिथे शॉटकटच्या सेटिंगमधून प्रॉक्सी, म्हणजे एडिटिंगपुरती हलकी नक्कल, चालू करा. शॉटकटऐवजी दाविंची रिझॉल्व्ह हा एडिटर वापरणार असाल तर पहिली क्लिप टाकायच्या आधी टाइमलाइनचा फ्रेम रेट ठरवा, नंतर तो बदलू देत नाही. आणि कॉम्प्युटरची स्क्रीन ओबीएसने घेत असाल तर एमकेव्ही प्रकारच्या फाइलीत घ्या, पावसात लाइट गेली की साधी एमपी4 फाइल उघडतच नाही, एमकेव्ही तिथपर्यंतची तरी राहते. लॅपटॉप घ्यायची वेळ कधीतरी येईलच, पण हे सगळं करून बघितल्याशिवाय नाही.

तुमच्या मित्राने तुमची फाइल मीडियाइन्फोत उघडून बघितली होती का, एवढं त्याला विचारा. आमच्या दादाने नव्हती. तो आजही म्हणतो की कार्डामुळेच व्हिडिओ झाला. दादा, तू हे वाचत असशील तर ती 14 मिनिटांची मूळ फाइल मी जपून ठेवलीय. चतुर्थीला आलास की आरती झाल्यावर बाबांसमोरच लावू, आधी कार्डासकट, मग कार्डाशिवाय, आणि फ्रेम रेट मोडची ओळ तूच मोठ्याने वाच.