ते पान तिच्या वहीत परत लावा

प्रश्न : मुलगी यंदा बारावी सायन्स झाली. ७८ टक्के, जेईई मेनला ८१ पर्सेंटाइल. कॉम्प्युटर इंजिनीअरिंगच करायचं म्हणून आम्ही तिला रिपीटर बॅचला घातलं आहे. तिला मात्र बीएस्सी करून ढगांवर संशोधन करायचं आहे. ढगांचे फोटो उपग्रह काढतो, मोजमाप कॉम्प्युटर करतो, त्यात माणसाला काय काम? दोन वर्षं ती गच्चीवरून ढग बघून वहीत नोंदी करते. ती वही आणि फोन आम्ही काढून घेतला. नमुन्यादाखल एक पान सोबत पाठवतो. आठ दिवस वाद घातला, आता शांत आहे. जेवण कमी झालं, पण मुकाट्याने अभ्यास करते. तिला पटेल असं दोन शब्द लिहा.
– एक पालक, पाटण, जि. सातारा

उत्तर : मार्कांचं वाक्य मी एकदा वाचलं. ‘आता शांत आहे’ हे मात्र पुन्हा पुन्हा वाचलं. तुम्हाला त्याने हायसं वाटलंय, मला त्याचीच काळजी वाटते. दोन वर्षं गच्चीवर जाणारी मुलगी आठ दिवस भांडते आणि मग जेवण कमी करून गप्प होते, तेव्हा तिला तुमचं पटलेलं नसतं. तुम्हाला काही सांगण्यात अर्थ नाही, एवढंच तिने ठरवलेलं असतं. माझ्यासमोर अशी मुलं येऊन बसतात. आईवडील बोलत असतात, मूल टेबलाकडे बघत असतं. ‘तुला काय हवंय?’ विचारलं की ‘काहीही चालेल’ म्हणतं. अठराव्या वर्षी हे उत्तर ऐकलं की मला धस्स होतं.

म्हणून आधी हे करा. आज संध्याकाळी वही आणि फोन तिच्या हातात द्या. टेस्टचे मार्क, क्लासची हजेरी, कसलीही अट नको. तिच्या आईचा तुमच्या पत्रात उल्लेखच नाही, त्यांनाही सोबत घ्या. आठवडाभरात जेवण आणि झोप रुळावर आली नाही तर डॉक्टरांना दाखवा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांकही आहे. त्यात कमीपणा मानू नका.

आता ते पान. वेळ वाया घालवल्याचा पुरावा म्हणून तुम्ही ते पाठवलंत. त्यावर गेल्या जुलैतली नोंद आहे : ‘रात्री ९.३०. सकाळपासून पाऊस. इन्सॅटच्या इन्फ्रारेड चित्रात आपल्यावर पांढरं काहीच नाही, नुसतं करडं. मग पाऊस कुठून पडतोय?’

साहेब, हा प्रश्न अव्वल आहे. इन्सॅट हा भारताचा हवामान-उपग्रह. त्याच्या इन्फ्रारेड, म्हणजे उष्णता टिपणाऱ्या चित्रात थंड ते पांढरं दिसतं. उंच ढगाचा माथा गार, म्हणून तो शुभ्र. घाटमाथ्यावरचा बराचसा पाऊस मात्र बुटक्या ढगांतून पडतो. त्यांचा माथा फार वर जात नाही, तितका गारही होत नाही, म्हणून ते जवळजवळ जमिनीच्याच रंगाचे दिसतात. नुसत्या ढगमाथ्याच्या तापमानावरून पाऊस काढायला गेलं की घाटातला पाऊस कमी भरतो. संशोधकांची ही जुनी अडचण आहे आणि तुमच्या मुलीला ती गच्चीवर सापडली.

‘उपग्रह फोटो काढतो, कॉम्प्युटर मोजतो’ हा समज तुमच्या एकट्याचा नाही, पण तो चुकीचा आहे. उपग्रह ढग मोजतच नाही. २०२४ मध्ये सोडलेला इन्सॅट-३डीएस सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर आहे. त्याचा इमेजर, म्हणजे चित्रं टिपणारं उपकरण, सहा चॅनेलमध्ये (तरंगलांबीच्या पट्ट्यांत) मोजतो ते फक्त खालून येणारं प्रारण, म्हणजे रेडिएशन. ढग किती दाट, हे दृश्य प्रकाश किती परतला त्यावरून काढायचं. थेंब केवढे, हे १.६ मायक्रॉनच्या आसपासच्या तरंगलांबीच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशावरून, कारण मोठे थेंब तो जास्त शोषतात. माथा किती उंच, हे उष्णतेच्या प्रारणावरून. या प्रत्येक पायरीवर फसगत होते. उंचावरच्या विरळ सिरस ढगातून खालच्या जमिनीची उष्णता आरपार येते, ढग आहे त्याहून उबदार वाटतो आणि हिशेबात खाली उतरतो. सूर्य मावळला की पहिल्या दोन खुणा हातातून जातात. काय गृहीत धरायचं, चूक कुठे शिरली, हे ठरवायला माणूसच लागतो. शिवाय पडताळा जमिनीवरून घ्यावा लागतो. महाबळेश्वरला २०१२ पासून पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेची ढगांची प्रयोगशाळा आहे, तिथे पावसाळ्यात ढगच उपकरणांपर्यंत खाली येतात. तिला एकदा महाबळेश्वरला घेऊन जा.

हवामानबदलासाठी तर एका दिवसाचं चित्र पुरत नाही, दशकांची नोंद लागते. जगभरच्या उपग्रहांवरून ढगांची अशी सलग नोंद जुलै १९८३ पासून सुरू झाली, पण त्यात हिंदी महासागरावर मोठी फट होती. १९९८ मध्ये युरोपचा मेटिओसॅट-५ हा हवामान-उपग्रह इकडे सरकवला, तेव्हा ती भरली. उपग्रह बदलतात, उपकरणं थकतात, आणि उपकरणाचा थकवा हवामानबदल म्हणून मोजला जाण्याचा धोका असतो. खालचे दाट ढग पृथ्वी थंड ठेवतात, वरचे विरळ ढग उष्णता अडवतात. तापमान वाढेल तसे हे दोन्ही कसे बदलतील, हा हवामानशास्त्रातला सर्वांत मोठ्या अनिश्चिततेचा भाग आहे. हे काम संपलेलं नाही.

तिलाही स्पष्ट सांगतो. एमएस्सीनंतर पीएचडीची पाच-सहा वर्षं, पुढे बऱ्याचदा प्रोजेक्टवरच्या तात्पुरत्या जागा, कायमच्या नोकऱ्या थोड्या. गच्चीवर ढग बघण्याची आवड इथे पुरणार नाही. दिवसाचे बहुतेक तास गणित, प्रारणाचं भौतिकशास्त्र आणि पायथॉनमधलं प्रोग्रामिंग यांत जातील. आकडे आवडत नसतील तर या वाटेला जाऊ नकोस. मॉसडॅक या इस्रोच्या उपग्रह-डेटाच्या वेबसाइटवर नोंदणी करून इन्सॅटचा डेटा घे, एका महिन्याचं काम करून बघ. मग ठरव.

वाट सरळ आहे : फिजिक्स-गणित घेऊन बीएस्सी, मग जॅम ही प्रवेश परीक्षा देऊन आयआयटीसारख्या संस्थेत एमएस्सी किंवा पुणे विद्यापीठाच्या वातावरण व अवकाश विज्ञान विभागातली एमएस्सी.

आणि रिपीटर बॅच? माझं मत विचाराल तर बंद करा. जी परीक्षा तिला द्यायचीच नाही, तिच्यासाठी वर्षभर दाराआड बसवून पर्सेंटाइल फारसं वाढत नाही, घरातला अबोला वाढतो. फी बुडेल, बुडू द्या. बीएस्सीचा प्रवेश अजून मिळतो का, हे कराडच्या कॉलेजांत उद्याच जाऊन विचारा, तिला सोबत घेऊन. हे सगळं ऐकून ती स्वतःहून इंजिनीअरिंग म्हणाली तर तेही चालेल, पण ते तिच्या तोंडून येऊ द्या.

पान परत पाठवतो आहे. घाईने फाडलंय, पण मजकूर शाबूत आहे, चिकटवता येईल. मागच्या बाजूला तिच्या प्रश्नाचं उत्तर मी पेन्सिलीने लिहिलंय. तिला अजून शंका असतील, पुढचं पत्र तिला लिहू द्या.