माऊसचं माईस, मग हाऊसचं हाईस का नाही?

प्रश्न असा आलाय की सातवीतली लेक विचारते, इंग्रजीत अनेकवचन करताना माऊसचं माईस होतं तर हाऊसचं हाईस का होत नाही, आणि क्लासचे सर म्हणतात अपवाद आहेत, पाठ कर.

पाठ करण्याला इलाज नाही हे खरंय, पण "अपवाद" मला पटत नाही. हे शब्द आपापल्या जुन्या नियमानेच चाललेत, नियम मेला आणि शब्द तेवढे राहिले. गावातलं थिएटर पाडून वीस वर्षं होतात तरी बसस्टॉपचं नाव तेच राहतं ना, तसं.

माऊस घ्या. हजारेक वर्षांपूर्वी इंग्रजीत त्याला मूस म्हणायचे. (हो, आपल्या गणपतीच्या मूषकाचा लांबचा भाऊबंदच, मूळ एकच.) त्याच्याही आधी, इंग्रजी लिहायला लागायच्या अगोदर, अनेकवचनाला शेवटी इ-वाला प्रत्यय लागायचा, मूसिझ असं काहीतरी. आता तुम्हीच "मूसि" सावकाश म्हणून बघा. ऊ म्हणताना जीभ मागे असते आणि इ ला पुढे येते, पण जीभ आळशी, पुढे इ येणारच आहे म्हटल्यावर ती ऊ म्हणतानाच पुढे सरकून बसते आणि त्या ऊ चं ओठ गोल करून म्हटलेल्या ई सारखं काहीतरी होतं. मग प्रत्यय गळून पडला पण बदललेला स्वर तसाच राहिला, एक मूस, दोन मीस. पुढे साधारण 1400 ते 1700 च्या दरम्यान इंग्रजीतले दीर्घ स्वर सगळेच जागचे हलले, त्यात मूसचं माऊस आणि मीसचं माईस झालं. फूट-फीट, टूथ-टीथ, गूस-गीस, मॅन-मेन, सगळीकडे हीच भानगड. बुकचं पण असंच अनेकवचन होतं, ते टिकलं असतं तर आज दप्तरात "बीच" भरायला लागले असते!

आता हाऊस. हे तेव्हा हूस होतं, नपुंसकलिंगी, शीप आणि डीअर ज्या गटात होते त्याच गटातलं, आणि त्या गटाला अनेकवचनात काहीच लागायचं नाही. एक हूस, दोन हूस. शेवटी इ नाही तर स्वर बदलणार कशाने? पुढे हाऊसने सगळ्यांसारखा एस लावून घेतला, शीप मात्र हटलं नाही. आपण एक दगड, दोन दगड म्हणतो तेव्हा आपल्याला काही खटकतं का, तसंच ते.

ऑक्सन हा तिसराच गट. अन लागणारे शब्द एकेकाळी ढिगाने होते, डोळ्यांना आयन, बुटांना शून म्हणायचे, त्यातला ऑक्सन तेवढा जवळपास एकटा उरलाय. चिल्ड्रन तर डबल अनेकवचन आहे, आधी र लावून चिल्डर झालं, ते लोकांना पुरेसं वाटेना म्हणून वर अन चिकटवला. आपल्याकडे काहीजण "माझे टू चिल्ड्रन्स" म्हणतात तेव्हा तिसरा थर चढतो, हसू नका, इंग्रजांनी तेच केलंय. कॅक्टाय, फिनॉमिना वगैरे लॅटिन-ग्रीकमधून सामानासकट आलेले पाहुणे, त्यांचा यात संबंध नाही.

माझा आवडता शब्द मात्र मॉंगूस. गूसचं गीस म्हणून याचं मॉंगीस करायचा मोह होतो, पण प्रमाण रूप मॉंगूसेस. कारण याच्यात गूस, म्हणजे हंसाच्या जातीतलं बदक, नाहीच आहे, हा आपला मुंगूस! 17व्या शतकात मराठीतून इंग्रजीत गेला, तिकडच्यांना ऐकायला गूससारखा वाटला म्हणून स्पेलिंगही तसंच करून टाकलं. तो पोचला तेव्हा ती इ ची कारागिरी बंद होऊन हजारेक वर्षं झाली होती, त्यामुळे त्याच्या वाट्याला साधा एस आला. अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतून आलेल्या मूसचंही (हा moose, म्हणजे मोठ्या शिंगांचं हरीण, वरचा उंदीर नव्हे) मीस झालं नाही ते म्हणूनच.

आणि लेकीला हेही विचारा, मुंगूसचं मराठीत मुंगसं होतं, माणूसचं माणसं, तर मधला ऊ कुठे गेला? शिवाय वाटच्या वाटा होतात आणि जातच्या जाती, हे तिला कोणी पाठ करायला लावलं होतं का?