नमुना कोणाचा?

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. गडचिरोलीतील भामरागड परिसरातील माडिया आदिवासींच्या पाड्यांवर सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा अभ्यास करण्याचा तुझा आराखडा वाचला. चाचण्या आणि खर्च यांची मांडणी चोख आहे. मात्र ‘भविष्यातील कोणत्याही संशोधनासाठी नमुना वापरता येईल’ हे संमतीपत्रातील वाक्य काढून टाकावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

अमेरिकेतील ॲरिझोनामध्ये हवासुपाई समाजाने १९९० पासून विद्यापीठाच्या संशोधकांना रक्त दिले, ते मधुमेहाने आपली माणसे खंगत होती म्हणून. संमतीपत्राची भाषा मात्र अशीच सैल होती. पुढे त्याच रक्तावर स्किझोफ्रेनिया, नात्यांतर्गत प्रजनन आणि पूर्वजांचे स्थलांतर यांविषयीचे अभ्यास झाले, आणि ग्रँड कॅन्यन हेच आपले उगमस्थान मानणाऱ्या लोकांना आपल्या रक्ताचे काय झाले हे फार उशिरा कळले. २०१० मध्ये विद्यापीठाने ७ लाख डॉलर देऊन तडजोड केली आणि उरलेले नमुने परत केले.

हे दूरदेशीचे म्हणून सोडून देऊ नकोस. २००९-१० मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील खम्मम जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धच्या एचपीव्ही लसीच्या प्रकल्पात आश्रमशाळांतील अनेक मुलींच्या संमतीपत्रांवर पालकांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या सह्या होत्या. त्या काळात लस घेतलेल्या काही मुलींचे मृत्यू झाले; त्यांचा लसीशी संबंध नसावा, असे चौकशीत म्हटले गेले, तरी संमतीचा दोष त्यामुळे धुतला जात नाही.

म्हणून आधी ग्रामसभेत जा आणि माडिया बोलणाऱ्या स्थानिक माणसाकरवी विषय समजावून दे. मात्र ग्रामसभेचा होकार म्हणजे प्रत्येकाचा होकार नव्हे, आणि भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांतही हे स्पष्ट आहे. सिकलसेलमध्ये तर अधिक जपावे लागते. वाहक, म्हणजे आजाराचे जनुक आई-वडिलांपैकी एकाकडूनच मिळालेली व्यक्ती एरवी धडधाकट असते. दोघेही वाहक असलेल्या जोडप्याच्या प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता चारांत एक असते. एवढीशी माहिती पाड्यावर फुटली तरी एखाद्या मुलीचे लग्न मोडू शकते, आणि मुलाकडच्यांची तपासणी करावी असे सहसा कोणाला सुचत नाही. तेव्हा निकाल ज्याचा त्यालाच, एकांतात सांगावा. शोधनिबंधात गावाचे नाव घालायचे की नाही, हेही गावालाच ठरवू दे.

ज्यांना आजार निघेल त्यांना हायड्रॉक्सीयुरिया हे त्यावरचे औषध जवळच्या ग्रामीण रुग्णालयात नियमित मिळेल का, याची चौकशी तपासणीपूर्वीच कर. मिळणार नसेल तर ती सोय होईपर्यंत अभ्यास पुढे ढकल. सुधारलेले संमतीपत्र नैतिकता समितीकडे देण्याआधी मला पाठव.

तुझा,
एक ज्येष्ठ सहकारी